संवादकौशल्य : विषयावाचून वक्ता

विद्यापीठांच्या पदवी-अभ्यासक्रमांत ‘संवादकौशल्य’ हा विषय आता स्थिरावला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पदवी-आराखड्यात भाषा आणि संवादकौशल्ये यांसाठी स्वतंत्र श्रेयांक राखलेले आहेत. मराठीचे अध्यापक म्हणून हे तास आमच्याही वाट्याला येतात. मुलाखत कशी द्यावी, गटचर्चेत केव्हा बोलावे, आवाज आणि देहबोली कशी असावी, हे आम्ही शिकवतो. मुलेही ते मन लावून शिकतात. कारण नोकरीच्या दारात त्यांची पहिली पारख बोलण्यावरूनच होते. घरात शिक्षणाची परंपरा नसलेल्या मुलांना तर या तासांचा मोठा आधार वाटतो. त्यामुळे या विषयाला नाके मुरडणे आम्हांला मान्य नाही. मात्र काय बोलायचे, कोणाशी आणि कशासाठी, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. ही उणीव समजून घ्यायची तर इतिहासात थोडे मागे जावे लागते.

रोमन वक्तृत्वशास्त्राने भाषणाची पाच अंगे मानली होती : मुद्द्यांचा शोध, त्यांची मांडणी, भाषाशैली, स्मरण आणि प्रत्यक्ष सादरीकरण. हा क्रम अर्थपूर्ण आहे. काय बोलायचे याचा शोध पहिला. कसे उच्चारायचे हे शेवटी. सोळाव्या शतकात पॅरिसमधील अध्यापक पीटर रामुस याने ही चौकट मोडली. शोध आणि मांडणी ही अंगे त्याने तर्कशास्त्राकडे सोपवली; वक्तृत्वाच्या वाट्याला शैली आणि सादरीकरण एवढेच उरले. पुढे १७६२ साली टॉमस शेरिडन या आयरिश नटाची वक्तृत्वावरील व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांचा भर स्वर, विराम आणि हावभाव यांवर होता. बोलणे विचारापासून सुटे काढून शिकवता येते, ही समजूत अशा वाटणीतून बळावत गेली. आजच्या पाठ्यपुस्तकातील देहबोलीचे प्रकरण आम्हांला याच कुळातले वाटते.

याच्या उलट उदाहरण आपल्याकडेच सापडते. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी १८४८ साली ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. मुंबई विद्यापीठ स्थापन व्हायला तेव्हा अजून नऊ वर्षे होती. या सभेत निबंध वाचले जात, त्यांवर चर्चा होत असे. मूळ सभेचा व्यवहार इंग्रजीत चाले. पण लवकरच ज्ञानप्रसारक सभेच्या गुजराती आणि मराठी शाखा निघाल्या. कारण उघड होते. ज्या समाजाशी बोलायचे, त्याची भाषा इंग्रजी नव्हती.

या सभेत स्त्रीशिक्षणावर एक निबंध वाचला गेला, आणि ती चर्चा सभागृहात विरली नाही. १८४९ साली सभेच्या सदस्यांनी मुलींसाठी शाळा सुरू केल्या. तरुण दादाभाई नवरोजी आणि त्यांचे सहकारी आपापली कामे सांभाळून तेथे विनावेतन शिकवत. मुलींना शाळेत पाठवा, हे घरोघरच्या पालकांना पटवणे हीच त्यांची संवादाची खरी परीक्षा होती. समोरचा ऐकणारा नकार देऊ शकत होता. म्हणून युक्तिवाद सुधारावा लागत होता. त्या पिढीचे वक्तृत्व अशा कामातून घडले.

१८४८ ची मुंबई आज परत आणता येणार नाही, आणि नोकरीची निकडही नाकारता येणार नाही. तरीही एवढे करता येईल : गटचर्चेला ‘मोबाईल : शाप की वरदान’ असा झिजलेला विषय देण्याऐवजी गावातील पाणीवाटप, बसचे वेळापत्रक, वसतिगृहाचे शुल्क असा प्रश्न द्यावा. विद्यार्थ्यांनी त्याची माहिती जमवावी, अर्ज लिहावा आणि ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्यासमोर तो मांडावा. तेथे आवाज कापेल, शब्द अडखळतील. पण रामुसने वक्तृत्वापासून तोडलेले पहिले अंग त्या अडखळण्यातून परत मिळेल. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे काही आहे, त्याला कसे सांगावे हे शिकवणे तुलनेने सोपे असते.