बाहुल्यांची उंची

महाराष्ट्रात घट बसतात त्याच दिवसांत चेन्नईतील असंख्य घरी बाहुल्यांचा दरबार भरतो. तामिळ भाषेत 'कोलू' या शब्दाचा अर्थच मुळी राजाचा दरबार असा आहे. 'बोम्मै' म्हणजे बाहुली. तीन, पाच, सात, नऊ अशा विषम संख्येच्या पायऱ्या रचावयाच्या, त्यांवर शुभ्र वस्त्र अंथरावयाचे, सर्वांत वर कलश आणि देवता, त्यांच्याखाली साधुसंत व सर्वांत खाली संसारी माणसे, असा हा मांडणीचा क्रम. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरास मराठी राज्य स्थापन केले व ते १८५५ साली इंग्रजांनी खालसा केले. त्या राज्याच्या आश्रयाने दक्षिणेत राहिलेली जी मराठी घराणी पुढे मद्रासेत आली, त्यांच्याकडेही ही आरास तितक्याच निष्ठेने होते.

या दरबारातील गर्दी एका दिवसात जमलेली नसते. दरवर्षी निदान एक तरी नवी बाहुली घ्यावी असा संकेत असल्यामुळे एकाच पायरीवर तीन-तीन पिढ्यांची खरेदी दाटीवाटीने उभी राहते. लग्नात माहेराहून आलेली रक्तचंदनाची 'मरप्पाची' जोडी, पणरुटीकडील कागदाच्या लगद्याचे देव, पुरसवाक्कमजवळच्या कोसापेट या जुन्या कुंभारवाड्यातील मातीची चित्रे, मैलापूरच्या उत्तर माडा रस्त्यावर गेल्याच वर्षी घेतलेली एखादी वस्तू. यांच्या उंचीचा मेळ बसावा तरी कसा? धान्याचे दुकान मांडून बसलेले चेट्टियार दांपत्य शेजारच्या हत्तीहून थोराड दिसते, आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही.

पाश्चात्त्य देशांत मात्र याच प्रश्नावर मोठा काथ्याकूट झालेला आहे. १८९३ साली इंग्लंडातील ब्रिटन्स या कारखान्याने शिशाचे पोकळ शिपाई काढले. त्या काळच्या खेळण्यातील आगगाडीशी जुळावे म्हणून त्यांची उंची ५४ मिलिमीटर ठेवण्यात आली. एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ साली अशा शिपायांच्या लढाईचे नियम सांगणारे पुस्तकच लिहिले. पुढे १९७१ व १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या दोन खेळांनी या रणांगणावर राक्षस, बुटके आणि अग्नी ओकणारे सर्प आणले. प्रारंभी असले प्राणी ओतून मिळत नसत, तेव्हा बाजारातील स्वस्त प्लास्टिकच्या जनावरांवर काम भागविले गेले. त्यानंतर माणसाला २५ मिलिमीटर हे माप रूढ झाले. सहा फुटी मनुष्याचा तो सुमारे त्र्याहत्तरावा हिस्सा होय. पण ही उंची डोळ्यांपर्यंत मोजावयाची की टाळूपर्यंत, यावर कारखानदारांचे एकमत नव्हते, आणि प्रत्येक नवी आवृत्ती किंचित धिप्पाड होत होत माप २८ मिलिमीटरपर्यंत व त्याहीपुढे गेले. जुना योद्धा नव्याशेजारी पोरसवदा दिसू लागला. ज्या खेळात चाल आणि तिराचा पल्ला पट्टीने मोजतात, तेथे हे खटकणारच.

कोलूत पट्टी लागत नाही, कारण तेथे लढाई नसून दरबार आहे, आणि दरबारात अंतर नव्हे तर मान पाहिला जातो. दशावतारांच्या संचात मत्स्य, कूर्म आणि श्रीराम बहुधा एकाच उंचीचे असतात. वामन ओळखावयाचा तो छत्रीवरून. तथापि ही मोकळीक संचाच्या बाहेरची आहे, आत नाही. दहांपैकी कूर्म फुटला आणि दुसऱ्या कारागिराचा आणून ठेवला, तर तो बोटभर उंच भरतो आणि सारी रांग बेसूर होते.

मूळ संचाचीच नक्कल करावी म्हटले तरी मातीचा स्वभाव आड येतो. उरलेल्या बाहुलीवरून साचा घेतला आणि त्यात ओली माती भरली, तर वाळताना व भाजताना ती आकसते. नक्कल अस्सलाहून नेहमी लहान; नकलेची नक्कल त्याहून लहान. धातूच्या जुन्या योद्ध्यांच्या चोरट्या प्रती याच खुणेवरून पकडल्या जातात, हे येथे सांगण्यासारखे आहे. तेव्हा जुन्या संचातील रिकामी जागा खऱ्या अर्थाने भरून काढावयाची, तर मूळचा साचाच जिवंत असावा लागतो. जुने साचे झिजतात, फुटतात, आणि घरातील पोरे दुसऱ्या धंद्यात गेली की त्यांचे मोल जाणणाराही उरत नाही.

पायऱ्यांच्या पायथ्याशी मुले एक बाग करतात. मोहरी किंवा नाचणी पेरून हिरवळ उगवायची, आरशाचे तळे, त्यापाशी देऊळ, माणसे आणि मोटारी. महाराष्ट्रात दिवाळीच्या किल्ल्यावर मोहरी आणि अळीव पेरतात, त्याचेच हे भावंड. तेथेही महाराजांची मूर्ती बुरुजाच्या बरोबरीची असते आणि पहारेकरी मावळा दारात मावत नाही. किल्ला तरीही अजिंक्यच.

उंचीच्या तंट्यावर दोन्हीकडच्या हौशी लोकांनी एकच तोडगा काढलेला आहे. परदेशी खेळाडू ठेंगण्या योद्ध्याच्या पायांखाली जाड चकती चिकटवतो. चेन्नईतील गृहिणी कूर्माखाली लाकडाचा ठोकळा सरकवते आणि त्यावर शुभ्र वस्त्राची घडी ओढून घेते.