गॅलेनाची नजर

गॅलेना हे शिशाचं काळसर, चकाकणारं खनिज. रसायनशास्त्रात त्याला लेड सल्फाइड म्हणतात. प्राचीन इजिप्तमध्ये ते कुटून डोळ्यांना लावत. आपल्याकडच्या सुरम्यातही ते सापडतं. हा पदार्थ स्वतःच किरण टिपतो, हे जगदीशचंद्र बोसांनी दाखवलं. गॅलेनाच्या स्फटिकावर धातूचं टोक टेकवून त्यांनी विद्युतचुंबकीय लहरी आणि प्रकाश हेरणारं उपकरण केलं. १९०१ मध्ये अमेरिकेत त्याच्या पेटंटसाठी अर्ज झाला आणि १९०४ मध्ये ते मिळालं. क्षेपणास्त्रं हेरणाऱ्या उपग्रहांची वंशावळ मांडताना बोसांचं नाव क्वचितच घेतलं जातं. माझ्या मते ते सर्वांत वर हवं.

पुढचा धागा बर्लिनचा. १९३३ मध्ये एडगर कुट्शर यांना आढळलं की लेड सल्फाइड सुमारे ३ मायक्रोमीटरपर्यंतचे अवरक्त किरण टिपतं. तापलेल्या इंजिनाच्या झोताचे किरण याच पट्ट्यात ठळक असतात. महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या चायना लेक इथे विल्यम मॅक्लीन यांनी हाच शोधक साइडवाइंडर क्षेपणास्त्राच्या टोकाशी बसवला. ते शत्रूच्या विमानामागे त्याच्या उष्णतेच्या मागावर जाई. मात्र कधी सूर्यालाच लक्ष्य समजे.

अवकाशातून खाली पाहताना सूर्याची ही अडचण आणखी मोठी. ढगांवरून परतणारं ऊन ज्वाळेसारखंच चमकतं. त्यावरची तोड मला या साऱ्या कथेतली सर्वांत देखणी वाटते. २.७ मायक्रोमीटरच्या आसपासचे किरण हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात, त्यामुळे त्या तरंगलांबीत वरून पृथ्वी काळोखी दिसते. रॉकेटच्या झोतात हेच दोन वायू प्रचंड तापलेले असतात, म्हणून तो नेमका याच तरंगलांबीत उजळतो. दाट हवेच्या वर आला की काळ्या पटावर ठिपका पेटतो. नोव्हेंबर १९७० पासून अमेरिकेने सोडलेल्या, क्षेपणास्त्रं हेरणाऱ्या डीएसपी उपग्रहांमध्ये सुरुवातीला लेड सल्फाइडचे सुमारे २,००० शोधक होते. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर मिनिटाला सहा गिरक्या घेत ते पृथ्वी न्याहाळत. १९९१ च्या आखाती युद्धात इराकच्या स्कड क्षेपणास्त्रांची सूचना त्यांनीच दिली.

पण इंजिन काही मिनिटांतच विझतं. मग अण्वस्त्राचं शीर्ष आणि फसवण्यासाठी सोबत सोडलेले पोकळ फुगे निर्वात पोकळीत एकाच वेगाने जातात, कारण तिथे हलक्याला मागे खेचणारी हवा नसते. या थंड वस्तूंचे किरण १० मायक्रोमीटरच्या आसपास असतात. तिथे गॅलेना आंधळं. १९५९ मध्ये इंग्लंडमधल्या मॅल्व्हर्न इथे लॉसन, पटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारा, कॅडमियम आणि टेल्युरियम यांचा मिश्र स्फटिक जाहीर केला. कॅडमियमचं प्रमाण बदललं की त्याची नजर हव्या त्या तरंगलांबीवर नेता येते. लांब तरंगांसाठी तो साधारण उणे १९६ अंशांपर्यंत थंड ठेवावा लागतो, नाहीतर स्वतःच्या उष्णतेतच त्याला काही दिसेनासं होतं.

तोतया ओळखायचा कसा? दोन तरंगलांबींतल्या तेजाचं गुणोत्तर काढलं की अंतर ठाऊक नसतानाही तापमानाचा अंदाज येतो. पृथ्वीच्या सावलीत हलका फुगा झपाट्याने निवतो, जड शीर्ष सावकाश. गिरक्या घेणाऱ्या वस्तूचं तेज कमीजास्त होतं, त्यावरून तिचा आकार उमगतो.

शत्रूलाही हे ठाऊक असतं. तो फुग्यात छोटा हीटर ठेवू शकतो, शीर्षच फुग्यात दडवू शकतो, किंवा द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या कवचात घालू शकतो. अशा कवचातून १० मायक्रोमीटरच्या पट्ट्यात जवळपास काहीच बाहेर पडत नाही. २००० साली अमेरिकेतल्या स्वतंत्र शास्त्रज्ञांनी हे उपाय हिशेबासह मांडले. त्यातला त्यांचा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो: क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेच्या चाचणीतले तोतये बचाव करणारेच बनवतात आणि ते कसे दिसतील हे त्यांना आधीच माहीत असतं.