उंबरठ्याबाहेरची वाट

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या पहिल्या दिवशी भल्या सकाळी दारात माझा एक जुना विद्यार्थी उभा. हातात पेढ्यांचा पुडा. मुलगा बालगृहात वाढलेला. अठरा पुरी झाल्यावर तिथून बाहेर पडून मुंबईला नोकरीस लागलेला. मी म्हटले, "अरे, इतक्या लांबून?" तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "सर, पहिल्या पगाराचे पेढे कुणाला द्यायचे, तेच कळेना."

त्या वाक्याने माझा फराळ घशाखाली उतरेना. संस्थेने त्याला अन्न, वस्त्र, शिक्षण सारे दिले होते. पण उंबरठा ओलांडल्यावर मागे वळून पाहावे, असे माणूस? ते कोणत्या खात्याने पुरवायचे?

हा प्रश्न जुना आहे. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले. तिथे अगदी आरंभी आलेल्या विधवांत देवरुखच्या जोश्यांची गोदूबाई होती. लहानपणीच कपाळ पांढरे झालेले. पुढे सदन पुण्यास गेले, गोदूबाईही गेली. तिथे ती अक्षरे शिकली, आणि त्याहून मोठी गोष्ट शिकली: आपल्याही मनाला किंमत आहे. बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, तिचा फर्ग्युसन कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. विधवेशी लग्न केले म्हणून कर्व्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकले. पण रमाबाई या विवाहाच्या पाठीशी उभ्या होत्या. सदन सोडून गेली म्हणून गोदूबाई त्यांना परकी झाली नाही.

हीच गोदूबाई पुढे आनंदीबाई, सर्वांच्या 'बाया' कर्वे. गंमत पाहा, जिला आसरा मिळाला, तिचेच घर दुसऱ्यांचा आसरा झाले. तिची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले याच कुटुंबाच्या आधाराने शिकली. अण्णांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापला, १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर गेला, आणि त्या आश्रमासाठी पार्वतीबाई आयुष्यभर राबल्या; निधी जमवायला थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. एका हाताने दुसरा हात धरला, त्याने तिसरा. संस्थेचा इतिहास आपण इमारतींवरून सांगतो. खरा तो असा हातांवरून सांगायला हवा.

आज कायदा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अठरा ते एकवीस या वयासाठी अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेबाहेर पडल्यावरच्या आधाराची, तरतूद आहे. महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण दिले. हे थोडे नव्हे. पण घर भाड्याने घेताना 'ओळखीचे कोण?' असे मालक विचारतो, ताप आला तर पेज कोण करून देणार असा प्रश्न पडतो, लग्नाच्या बोलणीला मुलाकडून कोण बसणार ते ठरत नाही. तिथे कायद्याचे कलम चालत नाही, माणूस लागतो.

आमच्या थळचे कोळी ही गोष्ट न शिकवता जाणतात. नवा पोरगा होडीवर आला, की तांडेल त्याला जवळ बसवून घेतो. वारा, पाण्याची ओढ, खांदेरीभोवतालचे खडक हे त्याला पुस्तकातून कळत नाही. शेजारच्या माणसावर विश्वास बसतो, तेव्हा कळते. अठरा पुरी झाली म्हणून पोराला कोणी एकट्याने होडी घेऊन खोल पाण्यात धाडत नाही.

त्या दिवशी मी पेढा घेतला आणि बायकोला हाक मारली. तिने पाट मांडला, उटणे काढले. मुलगा "नको नको" म्हणत आंघोळीला बसला. गेल्या वर्षीही तो आला. यंदा आमच्या घरी एक पाट आधीच जास्त मांडून ठेवला आहे.