अ‍ॅरे-भाषेतील प्रात्यक्षिक वेब-अ‍ॅप

अ‍ॅरे-भाषा : आकड्यांची अख्खी यादी किंवा कोष्टक एका दमात हाताळणारी संगणकीय भाषा. बहुतेक भाषांत यादीतला एकेक आकडा उचलून त्यावर क्रिया करण्यासाठी लूप लिहावा लागतो. अ‍ॅरे-भाषेत क्रियेचे चिन्ह यादीपुढे ठेवले की काम होते. एपीएल, जे, के, क्यू, बीक्यूएन आणि विवा या तिच्या प्रमुख शाखा. या भाषांत केलेली गणिते ब्राउझरमध्ये कोणालाही आकडे बदलून पाहता यावीत म्हणून जी छोटी अ‍ॅप्स बांधतात, त्यांना येथे प्रात्यक्षिक वेब-अ‍ॅप म्हटले आहे. पालघर जिल्ह्यातील वीज, रेल्वे आणि भूकंपाच्या आकड्यांवरून त्यांची रचना नीट उलगडते.

तारापूर अणुवीज केंद्रापासून सुरुवात करता येईल. १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन संचांची क्षमता प्रत्येकी १६० मेगावॉट, तर २००५ आणि २००६ मध्ये आलेल्या दोन जड पाण्याच्या संचांची प्रत्येकी ५४०. एपीएलमध्ये एकूण क्षमता अशी काढतात :

+/ १६० १६० ५४० ५४०

उत्तर १४००. तिरक्या रेघेने अधिकचे चिन्ह प्रत्येक दोन आकड्यांच्या मध्ये जाऊन बसते. सरासरीसाठी त्याच यादीपुढे (+⌿÷≢) लिहायचे, म्हणजे बेरीज भागिले संख्या, उत्तर ३५०. संच चार असोत की चार हजार, ओळ तीच राहते. (यंत्राला अंक इंग्रजी आणि नावे रोमन लिपीत द्यावी लागतात, येथे वाचनाच्या सोयीसाठी दोन्ही देवनागरीत आहेत.)

शाळेत शिकलेले ‘कंचेभागुबेव’ येथे चालत नाही. कंस सोडले तर सर्व क्रियांना सारखाच मान असतो आणि वाचन उजवीकडून डावीकडे होते. म्हणून ३×२+४ याचे उत्तर १० नसून १८ येते. नवशिक्याला हे सुरुवातीला अडते. पण चिन्हे डझनांनी असताना कोणते आधी आणि कोणते नंतर याची वेगळी यादी पाठ करावी लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

या कुळाचा उगम फळ्यावरच्या गणितात आहे. कॅनडात जन्मलेले गणितज्ञ केनेथ आयव्हरसन यांनी हार्वर्ड विद्यापीठात शिकवताना ही चिन्हपद्धती घडवायला घेतली आणि १९६२ मध्ये ती पुस्तकरूपाने मांडली. आयबीएममध्ये अ‍ॅडिन फॉल्कॉफ, लॅरी ब्रीड आदी सहकाऱ्यांच्या साथीने १९६६ मध्ये ती एपीएल म्हणून यंत्रावर चालू लागली. १९७९ मध्ये आयव्हरसन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या व्याख्यानाचा विषय होता, विचाराचे साधन म्हणून चिन्हपद्धती. पुढे १९९० मध्ये त्यांनी रॉजर हुई यांच्यासह ‘जे’ तयार केली. तिच्यात खास चिन्हांऐवजी साध्या कीबोर्डवरचीच चिन्हे वापरली. आर्थर व्हिटनी यांच्या ‘के’ आणि ‘क्यू’ या भाषा शेअर बाजाराच्या झपाट्याने वाढणाऱ्या नोंदी हाताळण्यासाठी वित्तसंस्थांत रुजल्या.

वेबवर या भाषा दोन मार्गांनी येतात. पहिल्या मार्गात गणित सर्व्हरवर होते आणि ब्राउझर फक्त प्रश्न पाठवून उत्तर दाखवतो. क्यूमध्ये वेब-सर्व्हर भाषेबरोबरच मिळतो. पोर्टचा क्रमांक दिला की ती ब्राउझरच्या विनंत्यांना उत्तरे देऊ लागते. डायलॉग कंपनीच्या एपीएलसाठी ‘जार्विस’ ही चौकट आहे. साधे एपीएल फंक्शन तिच्याकडे सोपवले की ते जेसन स्वरूपात माहिती घेणारी आणि देणारी वेब-सेवा बनते. याच कंपनीच्या ‘ट्राय एपीएल’ या संकेतस्थळावर काहीही इन्स्टॉल न करता ओळी चालवून पाहता येतात.

दुसऱ्या मार्गात भाषाच ब्राउझरमध्ये उतरते. जॉन अर्नेस्ट यांनी जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली ‘ओके’ ही ‘के’ची आवृत्ती अशीच चालते. २०२० मध्ये मार्शल लॉकबॉम यांनी आणलेली बीक्यूएन आणि २०२३ मध्ये आलेली विवा याही थेट ब्राउझरमध्ये वापरता येतात. विवाचा गाभा रस्ट भाषेत असून तो वेबअसेम्ब्लीच्या रूपात पानावर येतो. गणिताचा भार पाहणाऱ्याच्याच यंत्रावर पडत असल्याने साधी फाइल ठेवण्याची जागा पुरते, वेगळा सर्व्हर सांभाळावा लागत नाही.

प्रात्यक्षिकासाठी रेल्वे हा सुंदर विषय आहे. २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या. विरार, वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि डहाणू रोड ही नऊ स्थानके घेऊन त्यांची चर्चगेटपासूनची अंतरे ‘अ’ या यादीत ठेवावीत. मग

|अ∘.-अ

एवढ्यावर कोणत्याही स्थानकापासून कोणत्याही स्थानकापर्यंतचे अंतर सांगणारे ८१ घरांचे कोष्टक तयार होते. मधली खूण प्रत्येकातून प्रत्येक वजा करते. पुढची उभी रेघ उणे चिन्ह काढून टाकते. कर्णावर सगळी शून्ये. भाडे अंतराच्या टप्प्यांवर ठरते, म्हणून टप्प्यांची यादी देऊन ⍸ हे चिन्ह वापरले की ८१ घरांपैकी प्रत्येक कोणत्या टप्प्यात पडते तेही एकत्रच कळते. पानावर दोन स्थानके निवडण्याची सोय करायची आणि कोष्टकातले नेमके घर दाखवायचे, एवढेच काम उरते.

याहून मोलाचे उदाहरण डहाणू-तलासरीच्या भूकंपमालिकेचे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का नोंदला गेला. घराच्या भिंती कोसळतील या भीतीने लोक तंबूत झोपत होते. अशा वेळी तीन किंवा त्याहून मोठे धक्के किती आणि ते कधी झाले, हे गावकऱ्याला आणि तहसीलदाराला एकाच पानावर दिसणे फार गरजेचे असते. तीव्रतांची यादी ‘म’ घेतली, तर म≥३ ही ओळ प्रत्येक धक्क्यासाठी एक किंवा शून्य देते. +/म≥३ ने त्यांची संख्या मिळते आणि (म≥३)/म ने ते धक्के गाळून पुढे येतात. पानावरची पट्टी सरकवली की ३ च्या जागी ३.५ येते आणि तीच ओळ पुन्हा चालते. ओळही पानावरच छापली, तर उत्तर कुठून आले हे पाहणाऱ्याला पडताळता येते. अशा अ‍ॅपचे खरे बळ यातच आहे : गणित झाकलेले राहत नाही.

मर्यादाही ठळक आहेत. बटणे, रंग, मराठी मजकुराची मांडणी ही कामे एचटीएमएल आणि सीएसएसवरच सोपवावी लागतात. तयार लायब्रऱ्या पायथनच्या मानाने थोड्या. एपीएलची चिन्हे युनिकोडमध्ये असली तरी कीबोर्डची वेगळी मांडणी बसवावी लागते. इनस्क्रिप्ट ही देवनागरी कीबोर्ड-मांडणी शिकलेल्यांना हा सराव नवा वाटणार नाही. पाहणाऱ्याने टाकलेली ओळ सर्व्हरवर जशीच्या तशी चालवणे धोक्याचे असते, म्हणून फाइलींना हात लावणाऱ्या आज्ञा आधीच बंद कराव्या लागतात.

खर्चाची अडचण मात्र फारशी नाही. जे २०११ पासून मुक्त स्रोत आहे, जीएनयू एपीएल, बीक्यूएन आणि विवा विनामूल्य आहेत, तर डायलॉगची भाषा अव्यावसायिक वापरासाठी मोफत मिळते. पालघर-बोईसरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याने प्रकल्प म्हणून भूकंपाचे अ‍ॅप घेतल्यास राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र प्रसिद्ध करत असलेल्या नोंदी आणि ब्राउझरमध्ये चालणारी बीक्यूएन एवढ्या सामग्रीवर काम सुरू होते.