डमीचे पान मागण्याचे नियम (ब्रिज)

ब्रिजमध्ये पहिली उतारी झाली की डिक्लेअररचा, म्हणजे ठरलेल्या बोलीचा डाव खेळणाऱ्याचा, जोडीदार आपली तेरा पाने टेबलावर उघडी मांडतो. त्याला आणि त्याच्या पानांना डमी म्हणतात. यापुढे दोन्ही हातांची खेळी डिक्लेअररच ठरवतो. डमीतले हवे ते पान तो तोंडाने मागतो आणि डमी ते उचलून पुढे ठेवतो. मेंढीकोट, पाच-तीन-दोन खेळत पत्ते शिकलेल्याला हे नवे असते. तिथे ज्याचे पान तोच टाकतो. जागतिक ब्रिज महासंघाच्या 2017 च्या ड्युप्लिकेट नियमावलीतील या मागणीविषयीचे कलम 46 वरवर शिष्टाचाराचे वाटते. प्रत्यक्षात त्याचा रोख एकच आहे: डमीने स्वतःची अक्कल चालवायला जागा उरू नये.

पूर्ण मागणीत रंग आणि पान दोन्ही येतात: ‘बदाम राणी’. मागणी अर्धवट असली तर तिचा अर्थ ठरलेला असतो. नुसते ‘बदाम’ म्हटले तर त्या रंगातले सर्वांत लहान पान. ‘हात घे’ म्हटले तर दस्त नक्की जिंकणाऱ्या पानांपैकी सर्वांत लहान. डमी शेवटी खेळत असेल आणि दश्शीने काम भागत असेल, तर एक्का राखला जातो. नुसते ‘राणी’ म्हटले आणि उतारी डमीची असली, तर आधीचा दस्त डमीने ज्या रंगात जिंकला त्याच रंगाची राणी, ती तिथे असल्यास. इतर वेळी दोन राण्या नियमाने चालत असतील, तर कोणती ते डिक्लेअररनेच सांगायचे. डमीत नसलेले पान मागितले तर ती मागणी रद्द होते. सर्वांत बोलका नियम ‘काहीही टाक’ याचा: अशा वेळी निवड प्रतिस्पर्ध्यांपैकी कोणीही करू शकतो, डमी कधीच नाही. डमीने न मागितलेले पान पुढे ठेवले आणि दोन्ही बाजू पुढच्या दस्ताला खेळण्याआधी ते लक्षात आणून दिले, तर ते मागे घ्यावे लागते.

सगळ्यांना अर्थ कळलेला असताना शब्दाला धरून बसणे हा काथ्याकूट नव्हे का, असा आक्षेप घेतला जातो. त्याची सोय कलमातच आहे: डिक्लेअररचा वेगळा हेतू निर्विवाद असेल, तर हे ठरीव अर्थ लागू होत नाहीत. जिभेची चूकही दुरुस्त करता येते, मात्र डिक्लेअररने आपल्या हातातून किंवा डमीतून पुढचे पान खेळण्याआधी. लक्ष नसल्याची किंवा विचार बदलल्याची सबब चालत नाही. डमीत बदामाचे एक्का-राणी आहेत, डिक्लेअररने हातातून लहान बदाम खेळला, डावीकडच्याने राजा टाकला आणि तो न पाहताच डिक्लेअरर ‘राणी’ म्हणाला, तर राणीच खेळली जाते. तिला बदलू दिले, तर प्रतिस्पर्ध्याचे पान पाहून निर्णय फिरवण्याची मुभा मिळेल. नवख्या खेळाडूने म्हणूनच पहिल्या डावापासून रंग आणि पान दोन्ही सांगण्याची सवय लावून घ्यावी.