इव्हान इलिचचे वाचक

मॉस्कोच्या दक्षिणेस तुला नावाचे शहर आहे. तेथील न्यायालयात इव्हान इलिच मेच्निकोव्ह हे सरकारी अभियोक्ता होते. १८८१ सालच्या जुलै महिन्यात, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. जिल्ह्याच्या ठिकाणचा एक प्रतिष्ठित अधिकारी गेला, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, रिकाम्या जागेवर दुसरा माणूस आला. ही हकिकत इथेच संपायची. पण तुलाजवळच्या यास्नाया पोल्याना येथे लेव्ह टॉलस्टॉय राहत होते आणि मेच्निकोव्हांशी त्यांचा परिचय होता. या माणसाच्या अखेरच्या दिवसांचा वृत्तांत त्यांच्या पत्नीने टॉलस्टॉय यांच्या मेहुणीला सांगितला व तिच्याकडून तो टॉलस्टॉय यांच्या कानी आला. त्यातूनच ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही लघुकादंबरी आकारास आली. १८८६ साली टॉलस्टॉय यांच्या समग्र साहित्याच्या बाराव्या खंडात ती प्रसिद्ध झाली.

टॉलस्टॉय यांना मृत्यू अपरिचित नव्हता. ते दोन वर्षांचेही झाले नव्हते तेव्हा त्यांची आई गेली. १८६० साली थोरला भाऊ निकोलाय क्षयाने फ्रान्समध्ये वारला, तेव्हा ते त्याच्याजवळ होते. तरीही या पुस्तकात मृत्यूपेक्षा मृत्यूच्या भोवती बसलेल्या माणसांचेच चित्रण अधिक आहे. सहकाऱ्याच्या निधनाची बातमी वाचताच न्यायाधीशांच्या मनात बदली-बढतीचे गणित सुरू होते. विधवा पत्नी डोळे पुसत पुसत सरकारकडून अधिक रक्कम कशी मिळेल याची चौकशी करते. डॉक्टर आजाराला निरनिराळी नावे देतात. ‘मी जगणार की नाही?’ या रोग्याच्या प्रश्नाला मात्र कोणी उत्तर देत नाही. मनुष्य मर्त्य आहे हे तर्कशास्त्राच्या पुस्तकात शिकलेले वाक्य इव्हान इलिचलाही पाठ असते. ते आपल्यालाही लागू आहे, एवढेच त्याला कधी खरे वाटलेले नसते.

आजार वाढतो तसतशी त्याची स्मृती मागे मागे जाऊ लागते. ताटात आलेल्या शिजवलेल्या आलुबुखारांवरून लहानपणी खाल्लेली आलुबुखारे, त्यांची चव आणि त्यांच्या बिया आठवतात. मग दाई, भाऊ, खेळणी. जितके मागे जावे तितके जीवन अधिक भरलेले, आणि जितके पुढे यावे तितके पोकळ, असे त्याच्या ध्यानात येते. हुद्दा, घर, पडदे, पत्त्यांचे डाव यांपैकी काहीच त्या स्मृतीत टिकत नाही. मरणाऱ्या माणसाची आठवण हीच त्याची न्यायाधीश होते.

हे पुस्तक वाचून लोकांनी काय म्हटले, याचा इतिहास पुस्तकाइतकाच बोलका आहे. विख्यात कलासमीक्षक स्तासोव्ह यांनी टॉलस्टॉय यांना पत्र लिहून कळविले की, जगातील कोणत्याही राष्ट्रापाशी या तोडीची कृती नाही. संगीतकार चायकोव्हस्की यांनी १८८६ सालच्या जुलैमध्ये आपल्या दैनंदिनीत टॉलस्टॉय यांना सर्वश्रेष्ठ कलावंत ठरविले. सर्वांचेच मत असे नव्हते. समीक्षक मिखाइलोव्हस्की यांनी ही कथा सुंदर असली तरी पहिल्या दर्जाची नाही, असा निर्वाळा दिला.

कथाकार लेस्कोव्ह यांची दृष्टी वेगळ्याच पात्रावर खिळली. ते पात्र म्हणजे गेरासीम, घरातला तरुण शेतकरी नोकर. धन्याला बरे वाटावे म्हणून तो त्याचे पाय रात्र रात्र आपल्या खांद्यांवर धरून बसतो. घाण काढताना तोंड वाकडे करीत नाही. आणि धनी मरणार आहे हे लपवीत नाही. लेस्कोव्ह यांनी एक जुना प्रसंग नोंदविला आहे. पीटर्सबर्गच्या एका उच्चभ्रू घरात दस्तयेव्हस्की यांनी, स्वयंपाकघरातल्या शेतकऱ्याकडून शिका, असे सुचविले तेव्हा मंडळी रागावली होती; तो आम्हाला काय शिकविणार, असा त्यांचा सवाल होता. त्याचे उत्तर गेरासीमने दिले, असे लेस्कोव्ह यांचे म्हणणे.

फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांनी १९११ सालच्या आपल्या टॉलस्टॉय-चरित्रात लिहिले आहे की, कलेशी काडीचाही संबंध नसलेली आपल्या निव्हर्ने प्रांतातील साधी मध्यमवर्गीय माणसेही या पुस्तकाविषयी भारावून बोलत. ज्यांनी रशिया पाहिला नव्हता त्यांनी त्या घरात आपलेच घर ओळखले.

सर्वांत विलक्षण वाचक मात्र मृताचा धाकटा भाऊच होता: इल्या मेच्निकोव्ह. रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भावाच्या अखेरच्या घटकांत ते त्याच्या उशाशी होते. त्यांनी पुढे लिहून ठेवले की, भावाची बुद्धी शेवटपर्यंत स्वच्छ होती. मृत्यूच्या विचाराने तो दीर्घकाळ भ्यालेला होता, पण मरण सर्वांनाच आहे, पंचेचाळिसाव्या वर्षी आले काय अन् नंतर आले काय, फरक केवळ संख्येचा, असे म्हणून त्याने मनाची समजूत घातली होती. कादंबरीतला इव्हान इलिच तीन दिवस आक्रोश करतो. खरा इव्हान इलिच भावाशी बोलत होता. या दोन मृत्यूंमधील अंतर कशाने पडले? खऱ्याच्या जवळ असे एक माणूस होते, ज्याच्याशी मरणाविषयी उघड बोलता येत होते. कादंबरीतल्याला ते गेरासीमच्या रूपाने मिळाले, पण घरच्यांत कोणी मिळाले नाही.

आणि इथेच, वाचकहो, ही जुनी रशियन गोष्ट आपल्या उंबरठ्याशी येते. ‘त्यांना काही सांगू नका, हाय खातील,’ हे वाक्य आपल्या घराघरांत बोलले जाते. त्यामागे माया असते, हे मी नाकारीत नाही. परंतु रोग्याला बहुधा सारे कळलेलेच असते; आणि मग तोही कुटुंबाच्या मायेपोटी न कळल्याचे सोंग करतो. उभय पक्षी प्रेम असूनही दोघे एकमेकांना दुरावतात. आम्हा धर्मगुरूंना बोलावण्यासही याच भीतीने उशीर होतो. कादंबरीतही धर्मगुरू येतो. इव्हान इलिच पापनिवेदन करतो, साश्रू नयनांनी ख्रिस्तशरीर स्वीकारतो, क्षणभर त्याचे मन हलके होते. लगेच पत्नी विचारते, ‘आता बरे वाटते ना?’ तो तिच्याकडे न पाहताच होकार देतो, आणि पुन्हा तो खोटेपणा त्याला वेढून टाकतो. संस्कारही त्या घरात सत्याला पर्याय म्हणून वापरला गेला. म्हणून तिथे त्याची शांती टिकली नाही.

पुढे जगाने या प्रश्नाकडे वेगळ्या वाटेने लक्ष दिले. परिचारिका, समाजसेविका आणि मग डॉक्टर झालेल्या सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. वेदना शमविणे, खरे बोलणे आणि सोबत करणे हे तिथल्या सेवेचे सूत्र. कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर बरोबर शंभर वर्षांनी, १९८६ साली, भारतातील असे पहिले शुश्रूषागृह आपल्या मुंबईत, वांद्रे येथे ‘शांती अवेदना’ या नावाने उभे राहिले. या कामाचा उगम टॉलस्टॉय यांच्या पुस्तकात नाही. पण गेरासीमने जे केले तेच तिथे केले जाते. आज अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना ही कादंबरी वाचावयास देतात, तेही याच कारणासाठी.

अखेरच्या घटकेला इव्हान इलिचचा शाळकरी मुलगा हळूच खोलीत येतो, बापाचा हात ओठांशी धरून रडू लागतो. तो काही समजावीत नाही, काही लपवीतही नाही. त्याच क्षणी बापाला प्रथमच स्वतःऐवजी घरच्यांची कीव येते आणि मृत्यूची भीती सरते. आपल्या घरात कोणी अंथरुणाला खिळले असेल, तर औषधांच्या वेळा आपण अवश्य पाळाव्यात. पण दिवसातून एकदा खुर्ची जवळ ओढून, हात हातात घेऊन, त्याला जे विचारायचे असेल ते विचारू द्यावे. त्याच्या आठवणी ऐकाव्यात, आणि विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे.