चिठ्ठीवर नाव कुणाचं?

आज बोलायचं आहे ते प्रदर्शनाबद्दल. शहरातल्या मोठ्या दालनाबद्दल नाही, आपल्या गावातल्या वाचनालयात टेबलं जोडून आणि दोऱ्या बांधून मांडतात त्या प्रदर्शनाबद्दल.

आमच्या वाचनालयात असंच एक प्रदर्शन मांडलं होतं. गोधड्या, विणलेली तोरणं, सुपं, टोपल्या. चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे होतं. गल्लीतल्या एक आजी आल्या. त्यांना वाचता येत नाही. एका गोधडीपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "काय लिहिलंय गं इथं?" मी वाचलं, "गोधडी. जुनी." आजी म्हणाल्या, "आणि शिवली कुणी, ते नाही लिहिलं?" मी गप्प झाले. गोधडी त्यांच्या थोरल्या जावेची होती. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आज त्याच्याच मागचा इतिहास सांगते.

पहिल्यांदा वाचनालयाचा. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावात 1863 साली एका शेतकरी घरात एक मुलगा जन्मला. बाराव्या वर्षी तो बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तेच सयाजीराव गायकवाड. गादीवर येईपर्यंत त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पुढे त्यांनी राज्यात शिक्षण सक्तीचं केलं, आणि 1910 साली अमेरिकेतून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून गावोगाव वाचनालयं उभी करायला घेतली. पेट्यांतून पुस्तकं खेड्यांत जायची. बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळी सोय होती. आणि मैत्रिणींनो, ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी त्या खात्याची एक वेगळी शाखाच होती. ती चित्रं दाखवायची, पडद्यावर सिनेमा दाखवायची. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच हे ठरलं होतं की वाचनालय फक्त वाचणाऱ्यांचं नाही, बघून शिकणाऱ्यांचंही आहे.

पुढे 1945 साली कोल्हापूर संस्थानानं ग्रंथालयांचा कायदा केला, आणि 1967 साली महाराष्ट्र राज्यानं. आज गावातल्या वाचनालयाला अनुदान मिळतं ते याच कायद्यामुळे. तेव्हा तिथं आपल्या हातचं काम मांडणं ही कुणाची मेहरबानी नाही. ती जागा आपलीही आहे.

आता चित्रांची गोष्ट. डहाणू-तलासरीकडे वारली घरात लग्न असलं की कुडाची भिंत शेणानं सारवतात, गेरू लावतात. मग सवासिनी तांदळाच्या पिठात पाणी कालवून बांबूच्या काडीनं चौक लिहितात. चौकात पालघट देवी. धवलेरी गाणी म्हणते आणि लग्न लावते. चौकाशिवाय लग्न नाही. ही चित्रं बायकांच्या हातची. पण भिंतीवर कुणी सही करत नाही, कारण ते देवाचं काम. पावसाळे गेले की चित्र पुसट होतं, भिंत पुन्हा सारवली जाते.

1970 नंतर ही चित्रं कागदावर आली. भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार त्या पाड्यांवर राहिले, त्यांनी कागद दिला. गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे यांनी रोजचं जगणं, शेती, मासेमारी कागदावर उतरवली. 1976 साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 साली पद्मश्री. त्यांचा मान त्यांच्या हाताचा, त्यात शंका नाही. पण ज्या सवासिनींनी पिढ्यान् पिढ्या चौक लिहिले, त्यांची नावं किती जणींना सांगता येतील?

गंमत बघा. हेच भास्कर कुलकर्णी त्याआधी बिहारमध्ये मिथिलेत गेले होते. 1966-67 च्या दुष्काळात तिथल्या बायकांच्या हाताला काम हवं होतं. त्याही लग्नाच्या वेळी भिंतीवर चित्रं काढत. कागद मिळाला तसा त्या बायकाच पुढे आल्या. जगदंबा देवींना 1975 साली पद्मश्री मिळाली, मग सीता देवींना, गंगा देवींना. आज देशभर त्यांची नावं घेतली जातात. भिंत तिथंही बायकांचीच होती. पण तिथं चित्राबरोबर बाईचं नावही बाहेर पडलं.

नाव लिहिलं की दोन गोष्टी होतात. एक, व्यापारी दारात आला की बाईला भाव सांगता येतो, कारण काम कुणाचं हे लोकांना ठाऊक असतं. दुसरी, ती गेली तरी नातीला सांगता येतं की हा टाका आपल्या घरातला.

तेव्हा तुमच्या गटानं वाचनालयात काही मांडलं तर चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा. कुणी केलं. कुठल्या गावची, आणि माहेर कुठलं. कुणाकडून शिकली. करायला किती दिवस लागले. जिला लिहिता येत नाही तिला विचारा आणि तिच्याच शब्दांत लिहा. लिहून झालं की तिला वाचून दाखवा, चुकलं असेल तर ती सांगेल. प्रदर्शन उतरलं की चिठ्ठ्या फेकू नका. एका वहीत चिकटवा आणि ती वही वाचनालयातच ठेवा. दहा वर्षांनी तीच वही तुमच्या गावच्या बायकांचा इतिहास असेल.

मी दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी बदलली. आजींनी सांगितलं तसं नाव लिहिलं, माहेरचं गाव लिहिलं, एका पावसाळ्यात शिवली हेही लिहिलं. आजींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आता बरोबर."

पुन्हा भेटू, मैत्रिणींनो. नमस्कार.